ग्लासगोची भाडेबंदी, १९१५ : मताधिकार नसलेल्या स्त्रियांनी मिळवलेला कायदा

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश स्त्रियांविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी दोनच चित्रे पुढे येतात : दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळे भरणारी तरुणी आणि लष्करी रुग्णालयातील परिचारिका. युद्ध संपत आले असताना, १९१८ मध्ये, स्त्रियांना मिळालेला मताधिकार म्हणजे या सेवेची पोचपावती होती, असा निष्कर्षही त्याच ओघात काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. स्त्रियांनी सरकारला जे दिले तेवढेच त्यात मोजले जाते आणि सरकारशी झगडून त्यांनी जे पदरात पाडून घेतले ते हिशेबाबाहेर राहते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९१५ साली झालेली भाडेबंदी, म्हणजे वाढीव भाडे देण्यास भाडेकरूंनी एकजुटीने दिलेला नकार, हे अशा झगड्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पार्लमेंटच्या निवडणुकीत एकही मत नसलेल्या, बहुतांशी गृहिणी असलेल्या स्त्रियांनी वर्षभराच्या आत लहान घरांची भाडी गोठवणारा, देशभर लागू होणारा कायदा करून घेतला. तो कसा झाला, का झाला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, हे या प्रकरणात तपासले आहे.

घर, जिना आणि फॅक्टर

क्लाइड नदीच्या दोन्ही काठांवर जहाजबांधणीच्या गोद्या आणि अवजड अभियांत्रिकीचे कारखाने होते. गोव्हनमधील फेअरफिल्डची गोदी आणि शहराच्या पूर्व भागातील पार्कहेडचा पोलाद कारखाना ही त्यांतली मोठी नावे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर या कारखान्यांकडे युद्धनौका, तोफा आणि तोफगोळे यांच्या मागण्यांचा लोंढा आला आणि त्यापाठोपाठ हजारो कामगार सहकुटुंब शहरात दाखल झाले. नव्या घरांची बांधकामे युद्धापूर्वीच मंदावली होती आणि युद्धाने ती जवळजवळ थांबवली. माणसे वाढली, घरे मात्र तेवढीच राहिली.

ती घरे कशी होती, हे नीट पाहिल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. ग्लासगोचा कामगार ‘टेनेमेंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन-चार मजली दगडी इमारतींत राहत असे. रस्त्यावरून आत शिरणारा एक अरुंद बोळ, त्यातून वर जाणारा दगडी जिना, प्रत्येक मजल्यावर तीन-चार बिऱ्हाडे आणि जिन्याच्या वळणावर त्या सर्वांसाठी मिळून एक संडास. शहरातील निम्म्याहून बरीच अधिक माणसे एक किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहत होती. स्वयंपाकघराच्या भिंतीत खोल कोनाडा असे, त्यातच पलंग बसवलेला असे आणि घरातले कोणी ना कोणी चुलीजवळच त्या कोनाड्यात झोपत असे. अगदी लहान घरांच्या दारावर महापालिकेने धातूची पट्टी ठोकलेली असे. आत जास्तीत जास्त किती माणसांनी झोपावे याचा आकडा त्या पट्टीवर असे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला निरीक्षक रात्री-अपरात्री दार वाजवीत. गिरणगावातील चाळीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

इमारतीमागे सामायिक अंगण आणि कपडे धुण्याची खोली असे. तिथली धुण्याची पाळी प्रत्येक घराला ठरवून दिलेली असे, आणि जिना धुण्याचीही पाळी असे. या पाळ्यांमुळे एका जिन्यावरच्या बायका एकमेकींना चांगल्या ओळखत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा नवरा फ्रान्सला गेला आहे, कोणाची थकबाकी साठली आहे, हे सारे जिन्यावर आणि धुण्याच्या खोलीत सर्वांना ठाऊक असे. पुढे लढ्याची जी संघटना उभी राहिली तिचा पाया हीच ओळख होती.

घरमालक भाडेकरूंच्या सहसा दृष्टीस पडत नसे. त्याच्या वतीने घरे भाड्याने देणारा, भाडे गोळा करणारा आणि वेळ पडल्यास कोर्टात जाणारा मुखत्यार म्हणजे ‘फॅक्टर’, आणि लोकांचा राग मुख्यतः त्याच्यावर असे. त्यातच १९११ च्या एका कायद्याने स्कॉटलंडमधील लहान घरांसाठी वर्षाच्या कराराऐवजी महिन्याच्या कराराची वाट मोकळी करून दिली होती. वर्षाच्या करारात कामगाराची अडचण होतीच. मात्र महिन्याच्या करारामुळे फॅक्टरला थोड्या मुदतीच्या नोटिशीवर घर खाली करून घेणे किंवा भाडे वाढवणे सोपे झाले. मागणी वाढताच हे हत्यार त्याच्या हाती तयार होते.

भाडेवाढ आणि नकार

१९१५ च्या सुरुवातीला भाडेवाढीच्या नोटिसा येऊ लागल्या. गोव्हन आणि पार्टिक या गोदी कामगारांच्या वस्त्यांत ही वाढ सर्वाधिक जाचक होती आणि काही ठिकाणी ती २५ टक्क्यांपर्यंत गेली. अन्नधान्य आणि कोळसा आधीच महागला होता. सैन्यात गेलेल्याच्या पत्नीला सरकारकडून मिळणारा भत्ता, मुले नसल्यास, आठवड्याला १२ शिलिंग ६ पेन्स होता आणि युद्धाच्या पहिल्या महिन्यांत तोही अनेकींच्या हाती वेळेवर पडत नसे. नवरा आघाडीवर, भत्ता तुटपुंजा आणि दारात वाढीव भाड्याची नोटीस, अशा स्थितीत सापडलेल्या कुटुंबांची संख्या लहान नव्हती.

घरमालकांची बाजूही येथे नोंदवली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढच्या कायद्याची रचना समजत नाही. ग्लासगोतील घरमालक सगळेच धनाढ्य नव्हते. दुकानदार, विधवा स्त्रिया, लहान विश्वस्त निधी अशांनी कर्ज काढून या इमारतींत पैसा गुंतवला होता. युद्धखर्चासाठी सरकारने जून १९१५ मध्ये साडेचार टक्के व्याजाचे कर्जरोखे काढले तेव्हा सावकारांना अधिक सुरक्षित आणि अधिक लाभाची जागा मिळाली, आणि ते घरमालकांकडे जास्त व्याज तरी मागू लागले किंवा मुद्दल परत तरी मागू लागले. मालकाचा खर्च वाढत होता, हे खरे आहे. पण त्याच्या वाढलेल्या व्याजाचा आणि टंचाईच्या नफ्याचाही बोजा, ज्यांना दुसरीकडे जायला घरच उरले नव्हते अशा कुटुंबांवर टाकला जात होता, हेही तितकेच खरे आहे.

विरोधाची पूर्वतयारी युद्धाच्या आधीपासून होती. मजूर पक्षाच्या स्थानिक गृहनिर्माण समितीचे अँड्र्यू मॅकब्राइड आणि नगरसेवक जॉन व्हीटली यांनी महापालिकेने कामगारांसाठी घरे बांधावीत अशी मोहीम चालवली होती. १९१४ मध्ये ग्लासगो विमेन्स हाउसिंग असोसिएशन स्थापन झाली. मेरी लेअर्ड, मेरी बार्बर, अ‍ॅग्नेस डॉलन, हेलन क्रॉफर्ड आणि जीन फर्ग्युसन या तिच्यातल्या पुढारी स्त्रिया होत्या.

यांपैकी दोघींची पार्श्वभूमी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मेरी बार्बर यांचा जन्म १८७५ मध्ये किल्बार्कन गावी गालिचे विणणाऱ्या कामगाराच्या घरी झाला. लग्नानंतर त्या गोव्हनमध्ये राहायला आल्या आणि सहकारी चळवळीच्या स्त्री-मंडळात त्यांनी सभा चालवणे, हिशेब ठेवणे आणि चार माणसांपुढे बोलणे या गोष्टी आत्मसात केल्या. सभांच्या इतिवृत्तांपलीकडे त्यांचे स्वतःचे लिखाण फारसे नाही. त्यांचे सारे कर्तृत्व प्रत्यक्ष कामात आहे. हेलन क्रॉफर्ड यांची वाट निराळी होती. त्या पाद्र्याच्या पत्नी होत्या, एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेत दाखल होऊन त्यांनी मताधिकारासाठी खिडक्यांच्या काचा फोडल्या होत्या, तुरुंगवास भोगला होता आणि तुरुंगात उपोषणही केले होते. युद्ध जाहीर झाल्यावर पँकहर्स्ट यांनी आंदोलन थांबवून सरकारला पाठिंबा दिला तेव्हा क्रॉफर्ड त्यांच्यापासून दूर झाल्या. म्हणजे भाडेबंदीच्या नेतृत्वात एका बाजूला सहकारी भांडाराच्या बैठकीत तयार झालेली गृहिणी होती आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग पाहिलेली मताधिकारवादी स्त्री होती. या दोन परंपरा एकत्र आल्या, हे मला या प्रकरणाचे मोठे बळ वाटते.

भाडेवाढीविरुद्धच्या जाहीर सभा फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाल्या आणि मे महिन्यात गोव्हनमध्ये प्रत्यक्ष भाडेबंदीला तोंड फुटले. पद्धत साधी होती. भाडेकरू जुने भाडे द्यायला तयार असत, पण वाढीव रक्कम देण्यास सरळ नकार देत. खिडक्यांच्या काचांवर छापील पत्रके लावली गेली. भाडेबंदी चालू असून आम्ही घर सोडणार नाही, एवढाच मजकूर त्यांवर होता. रस्त्यातून जाणाऱ्याला खिडक्याखिडक्यांत तीच पत्रके दिसत आणि त्यामुळे एखाद्या भित्र्या कुटुंबालाही आपण एकटे नाही याची खात्री पटे. फॅक्टरचे सर्वांत जुने शस्त्र, म्हणजे प्रत्येकाला एकेकटे गाठून इतरांनी भरले आहे असे सांगणे, येथे बोथट झाले. गोव्हनमध्ये एका फॅक्टरने असे सांगून काही बायकांकडून वाढीव भाडे घेतलेच. तेव्हा बार्बर यांनी गोदीतले पुरुष बोलावून घेतले, सर्वांना घेऊन त्या त्याच्या कचेरीवर गेल्या आणि घेतलेले पैसे परत करायला लावले, अशी नोंद त्या काळच्या एका कामगार पुढाऱ्याने करून ठेवली आहे.

घर खाली करून घ्यायला कोर्टाचे बेलिफ येत तेव्हाची व्यवस्था अधिक पाहण्याजोगी आहे. इमारतीच्या तोंडाशी, बोळात, एक बाई हातात घंटा घेऊन बसे. बेलिफ दिसला की ती घंटा वाजवी. ती ऐकताच वरच्या मजल्यांवरच्या बायका हातातले काम टाकून खाली येत, आणि हातातले काम म्हणजे पीठ मळणे किंवा धुणे, त्यामुळे पिठाच्या पुड्या आणि ओले कपडे ही त्यांची आयती अस्त्रे झाली. दगडी जिना इतका अरुंद असे की दहा-बारा जणी उभ्या राहिल्या तरी वर जाण्याची वाट बंद होई. सामान बाहेर काढायला आलेली माणसे पिठाने माखून परत जात. या फौजेला ‘मिसेस बार्बर यांची सेना’ असे नाव पडले. दिवसा पुरुष कामावर असत. त्यामुळे बेलिफ येण्याच्या वेळी जिन्यावर हजर असणाऱ्या स्त्रियाच होत्या आणि लढ्याचे रोजचे निर्णयही त्यांच्याच हाती राहिले.

जूनमध्ये शहराच्या पूर्वेकडील शेटलस्टन भागात रणांगणावर जखमी झालेल्या एका सैनिकाच्या कुटुंबाला थोड्याशा थकबाकीपायी घराबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. व्हीटली यांच्या पुढाकाराने जमलेल्या जमावाने तो हाणून पाडला आणि फॅक्टरचा पुतळा जाळला. या घटनेने भाडेवाढीचा प्रश्न देशभक्तीच्या भाषेत मांडण्याची संधी दिली आणि स्त्रियांनी ती अचूक साधली. आमचे नवरे, मुलगे आणि भाऊ जर्मनीतल्या प्रशियनांशी लढत आहेत आणि आम्ही पार्टिकमधल्या प्रशियनांशी, म्हणजे घरमालकांशी, लढत आहोत, अशा अर्थाचे फलक मुलांच्या हाती दिसू लागले. क्रॉफर्ड यांच्यासारख्या युद्धविरोधी स्त्रीला ही भाषा मनापासून पटली असेल असे वाटत नाही. तरीही सैनिकांच्या बायका, युद्धाच्या समर्थक आणि युद्धविरोधक एका जिन्यावर उभ्या राहू शकल्या त्या या मांडणीमुळेच.

त्याच उन्हाळ्यात, १७ जुलै १९१५ रोजी, लंडनमध्ये एमेलिन पँकहर्स्ट यांनी स्त्रियांना युद्धकार्यात काम मिळावे या मागणीसाठी मोठी मिरवणूक काढली. तिच्या खर्चाला दारूगोळा खात्याने पैसा पुरवला होता. स्त्रियांना कामाचा हक्क मागणारी ती मिरवणूक महत्त्वाची होती, याविषयी शंका नाही. पण सरकारच्या मदतीने सरकारला हवी असलेली मागणी मांडणे आणि सरकारला नको असलेली मागणी त्याच्या गळी उतरवणे यांत फरक आहे, आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मिरवणुकीला जी जागा मिळते ती भाडेबंदीला मिळत नाही, याची खंत वाटते.

जिन्यावरून कोर्टात

ऑक्टोबरमध्ये बायका आणि मुले यांचा मोर्चा महापालिकेच्या इमारतीवर गेला. सरकारने लॉर्ड हंटर आणि प्राध्यापक स्कॉट यांची चौकशी समिती नेमली. चौकशी चालू असतानाच भाडेबंदी पसरत होती आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे २०,००० कुटुंबे तिच्यात उतरली होती.

या टप्प्यावर फॅक्टरांनी डाव बदलला. जिन्यावरून माणसे बाहेर काढणे जमत नाही हे दिसल्यावर त्यांनी किरकोळ कर्जवसुलीच्या न्यायालयात दावे लावले. हेतू असा की थकलेली रक्कम कर्ज ठरवून घ्यावी आणि ती कामगाराच्या पगारातून परस्पर कापून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने हा डाव हुशारीचा होता. घराच्या दारात बायकांचा पहारा होता, पगाराच्या खिडकीवर नव्हता. पण त्याचा परिणाम त्यांना अभिप्रेत होता त्याच्या नेमका उलट झाला. तोवर बायकांचा म्हणून बाजूला राहिलेला झगडा या दाव्यांमुळे थेट गोदीत आणि कारखान्यात जाऊन पोहोचला.

याचे गांभीर्य कळण्यासाठी तेव्हाचा कायदा लक्षात घ्यावा लागतो. फेब्रुवारी १९१५ मध्ये क्लाइडवरील अभियंता कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला होता. जुलैमध्ये आलेल्या दारूगोळा कायद्याने युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील संप बेकायदा ठरवले आणि मालकाच्या दाखल्याशिवाय नोकरी बदलण्यालाही आडकाठी केली. म्हणजे कामगाराला अधिक पगाराच्या जागी सहज जाता येत नव्हते, संप करता येत नव्हता आणि राहते घर महाग होत होते. सरकारने त्याला एका जागी बांधून ठेवले होते आणि घरमालक त्या बांधलेपणाचा फायदा घेत होते. गृहिणींवर मात्र दारूगोळा कायद्याची हुकमत चालत नव्हती. संपाला बंदी असलेल्या शहरात भाडे न देण्याचा मार्ग कायद्याच्या पकडीबाहेर राहिला होता आणि तो मार्ग घर चालवणाऱ्यांच्या हातात होता.

१७ नोव्हेंबर १९१५ रोजी १८ भाडेकरूंचे दावे सुनावणीला होते. सकाळपासून गोव्हन आणि पार्टिकमधून बायका निघाल्या आणि गोद्यांतले कामगार अवजारे खाली ठेवून त्यांना येऊन मिळाले. कोर्टाभोवतीचे रस्ते हजारो माणसांनी भरून गेले. शाळाशिक्षक आणि समाजवादी वक्ते जॉन मॅक्लीन यांच्यासह अनेकांची भाषणे झाली. शिष्टमंडळाने आत जाऊन न्यायाधीशाला बजावले की निकाल विरुद्ध गेला तर कारखाने बंद पडतील. दारूगोळा खात्याचे मंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज होते आणि क्लाइडचे कारखाने थांबणे त्यांना एक दिवसही परवडणारे नव्हते. दावे पुढे चालले नाहीत. फॅक्टरने माघार घेतली आणि भाडे गोठवण्याचे विधेयक लवकरच आणले जाईल हे स्पष्ट झाले.

हा विजय स्त्रियांचा की कामगारांचा, असा वाद पुढे होत राहिला. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा मांडला जातो. संपाच्या धमकीशिवाय लंडनने नोव्हेंबरात इतक्या तातडीने हालचाल केली नसती, हे मान्य करावे लागते. पण मे ते नोव्हेंबर हे महिने जिना राखून ठेवला गेला नसता तर भाडेवाढ कधीच अंगवळणी पडली असती आणि १७ नोव्हेंबरला सुनावणीस काही उरलेच नसते. कामगारांची धमकी शेवटच्या दिवसांत निर्णायक ठरली. तिला आधार देणारी चिकाटी आधीच्या महिन्यांची होती, आणि ती पिठाने हात भरलेल्या बायकांची होती.

कायद्यात काय आले

भाडे आणि गहाणाचे व्याज यांवर युद्धकाळापुरते निर्बंध घालणाऱ्या कायद्याला २३ डिसेंबर १९१५ रोजी राजसंमती मिळाली. विधेयक वॉल्टर लाँग या हुजूरपक्षीय मंत्र्याने मांडले होते, म्हणजे खासगी मालमत्तेत सरकारने हात घालू नये असे मानणाऱ्या पक्षाच्या माणसाला ते मांडावे लागले. लहान घरांची भाडी ३ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या आदल्या दिवशी, जेवढी होती तेवढीच राहतील असे ठरले. लहान घर कोणते, हे वार्षिक भाड्याच्या किंवा करयोग्य मूल्याच्या मर्यादेने ठरवले : लंडनमध्ये ३५ पौंड, स्कॉटलंडमध्ये ३० पौंड आणि इतरत्र २६ पौंड. ठरलेले भाडे देणाऱ्याला सहजासहजी घराबाहेर काढता येणार नव्हते. घर देताना भाड्याखेरीज वेगळी रक्कम उकळण्यालाही मनाई झाली. ज्याला आपण पागडी म्हणतो त्या प्रकाराची शक्यता तेव्हाच्या कायदेकारांनी आधीच ओळखली होती, याची मराठी वाचकाने दखल घ्यावी.

कायद्याचा दुसरा अर्धा भाग घरमालकांसाठी होता. त्यांच्या गहाणखतावरील व्याजही गोठवले गेले आणि व्याज नियमित भरले जात असेपर्यंत सावकाराला मुद्दल परत मागता येणार नव्हते. भाडेकरूचा बोजा मालकावर टाकायचा असेल तर मालकाचा बोजा सावकाराने काही अंशी उचलला पाहिजे, असा हा हिशेब होता. ग्लासगोतील स्त्रियांनी ही दुसरी मागणी केली नव्हती, पण तिच्याशिवाय पहिली टिकली नसती.

कायद्याची मुदत युद्ध आणि त्यानंतरचे सहा महिने एवढीच होती. प्रत्यक्षात तो मागे घेणे कोणत्याही सरकारला जमले नाही. गोठवलेल्या भाड्यात खासगी बांधकामाला उत्साह उरला नाही, म्हणून घरे बांधण्याची जबाबदारी सरकारवर आली. स्कॉटलंडमधील घरांच्या दुरवस्थेवर १९१७ मध्ये शाही आयोगाचा अहवाल आला, १९१९ मध्ये नगरपालिकांना सरकारी अनुदानाने घरे बांधायला लावणारे कायदे झाले आणि १९२४ मध्ये पहिल्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री झालेल्या जॉन व्हीटली यांनी अनुदानाची व्याप्ती वाढवणारा कायदा करून घेतला. शेटलस्टनच्या बोळात बेलिफांना अडवणारा माणूस नऊ वर्षांत मंत्री होऊन कामगारांच्या घरांचा कायदा मांडतो, ही गोष्ट लहान नाही. त्याच वेळी गोठवलेल्या भाड्यामुळे जुन्या टेनेमेंटच्या दुरुस्तीकडे मालकांनी पाठ फिरवली, हा कायद्याचा तोटाही नाकारता येत नाही.

मुंबईशी या कायद्याचा धागा खरोखरच जुळतो. युद्धकाळात मुंबईतही बाहेरून आलेल्या माणसांची गर्दी वाढली, बांधकामाचे साहित्य दुर्मीळ झाले आणि भाडी चढली. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला तो ‘बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) अ‍ॅक्ट’ या नावाने. युद्धकाळापुरते निर्बंध हे ब्रिटिश कायद्याचे शब्द या नावातही आले आहेत. ब्रिटिश कायद्याप्रमाणेच याचेही तात्पुरतेपण टिकले नाही आणि वाट १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापर्यंत व पुढे १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यापर्यंत आली. मुंबईतला कायदा सरकारने वरून केला, ग्लासगोतला खालून रेटून घेतला गेला, हा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे.

मत कोणाला मिळाले

६ फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने ब्रिटनमधील सुमारे ८४ लाख स्त्रियांना पार्लमेंटसाठी मतदानाचा हक्क मिळाला. पुरुषांपैकीही सुमारे चाळीस टक्क्यांना तोवर मत नव्हते, त्यांनाही तो याच कायद्याने मिळाला. स्त्रियांसाठी अट अशी होती की वय ३० वर्षे पूर्ण असावे आणि ती स्वतः राहत्या घराची किंवा ठराविक मूल्याच्या जागेची ताबेदार असावी, किंवा अशा ताबेदाराची पत्नी असावी. विद्यापीठाच्या पदवीधर स्त्रियांसाठी वेगळी तरतूद होती.

या अटीकडे ग्लासगोच्या जिन्यावरून पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या हजारो मुली तिशीच्या आतल्या होत्या. त्यांना मत मिळाले नाही, आणि त्यांना २१ व्या वर्षी पुरुषांच्या बरोबरीने ते मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. म्हणजे मताधिकार हे कारखान्यातील सेवेचे बक्षीस होते, या समजुतीला कायद्याचा मजकूरच आधार देत नाही. दुसरी गोष्ट अशी की मत मिळाले ते घर धरून राहिलेल्या, संसार करणाऱ्या प्रौढ स्त्रीला. सरकारच्या मनात स्थिर, सावध आणि पुराणमताला धरून चालणारी मतदार होती, असे म्हणायला जागा आहे. पण १९१५ मध्ये घर धरून राहिलेली स्त्री कशी वागली होती हे गोव्हन आणि पार्टिकने दाखवून दिले होते. भाड्याने घेतलेल्या एका खोलीच्या बिऱ्हाडातील बाईला, तिचे नाव भाडेपावतीवर नसले तरी, ताबेदाराची पत्नी म्हणून आता मत होते. दुसऱ्याच्या घरी राहून काम करणाऱ्या मोलकरणीला आणि सामानासह भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणाऱ्या एकट्या बाईला ते नव्हते. घरावरून ठरणारे नागरिकत्व किती तोकडे असते, हे त्यांच्या बाबतीत दिसते.

भाडेबंदीतील स्त्रिया १९१५ नंतर घरी बसल्या नाहीत. क्रॉफर्ड आणि डॉलन यांनी १९१६ पासून ग्लासगोत स्त्रियांची शांतता मोहीम चालवली. मेरी बार्बर १९२० मध्ये फेअरफिल्ड विभागातून ग्लासगो महापालिकेवर निवडून आल्या आणि १९२४ मध्ये शहराच्या पहिल्या स्त्री-बेली, म्हणजे नगरदंडाधिकारी, झाल्या. महापालिकेत त्यांनी सार्वजनिक धुलाईगृहे आणि स्नानगृहे, शाळेतल्या मुलांना मोफत दूध, बालकल्याण केंद्रे, मुलांसाठी खेळाची मैदाने आणि प्रसूत स्त्रीच्या घरी मदतनीस या मागण्या लावून धरल्या. १९२५ मध्ये विवाहित स्त्रियांना संततिनियमनाचा सल्ला देणारे शहरातील पहिले केंद्र सुरू झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. सार्वजनिक जीवनातील अनेक पुरुषांना हा विषय तोंडातून काढणेही नको होते. धुलाईगृह, दूध, संडास, प्रसूती आणि भाडे हे विषय तोवर घरगुती म्हणून सभागृहाच्या दाराबाहेर ठेवले जात होते. बार्बर यांनी ते महापालिकेच्या कामकाजात आणले आणि १९३१ पर्यंत, म्हणजे त्या सभागृहात होत्या तोवर, ते तिथून हलू दिले नाहीत.